वक्त्याचं मौन : काकासाहेब गाडगीळ आणि चंदीगडचं राजभवन



आज आपण ज्या माणसाविषयी बोलणार आहोत, त्यांनी मराठीत ‘वक्तृत्वशास्त्र’ नावाचं पुस्तक लिहिलं. भाषण कसं करावं, यावरचं पुस्तक. आणि याच माणसाने आयुष्यातली चार वर्षं अशा खुर्चीवर काढली, जिथे सगळ्यात महत्त्वाचं भाषण दुसऱ्याने लिहिलेलं असतं आणि आपण ते फक्त वाचायचं असतं. हे गृहस्थ म्हणजे नरहर विष्णू गाडगीळ, आपले काकासाहेब. १५ सप्टेंबर १९५८ ते १ ऑक्टोबर १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते.

त्यांच्या जयंतीला किंवा पुण्यतिथीला येणारे लेख तुम्ही वाचले असतील. त्यांचा एक ठरलेला साचा असतो. फर्ग्युसनचा विद्यार्थी, वकिली, काँग्रेस, तुरुंगवास, नेहरूंचं पहिलं मंत्रिमंडळ, सरदार पटेलांचा विश्वास, सोमनाथ, भाक्रा, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद. यात मध्येच एक वाक्य येतं : ‘पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले.’ संपलं. जणू एखाद्या ज्येष्ठाला शाल-श्रीफळ मिळावं, तसं ते पद मिळालं आणि परतही केलं.

आमचं म्हणणं असं आहे की या एका वाक्याशी आपण थांबलो तर काकासाहेब आपल्याला समजत नाहीत आणि राज्यपाल हे पदही समजत नाही. म्हणून आज आपण त्या एका वाक्याच्या आत जाऊ. आमचा हेतू गौरव करण्याचा नाही, तसा कुणाला खाली ओढण्याचाही नाही. एका मोठ्या माणसाच्या कारकिर्दीतल्या अवघड जागेवर बोट ठेवायचं आहे.

आधी माणूस बघू. जन्म १० जानेवारी १८९६. १९२० च्या आसपास वकिलीची पदवी आणि काँग्रेसचं काम दोन्ही सुरू झालं. तेव्हाचं पुण्याचं राजकारण आठवा. एकीकडे टिळकांच्या मागे उरलेली मंडळी, दुसरीकडे गांधी, आणि तिसरीकडे ब्राह्मणेतर चळवळ. या तीन प्रवाहांत एकमेकांशी बोलणारी माणसं फार थोडी होती. काकासाहेब त्यांतले एक. १९२९ चा पर्वती मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेव्हा ते सत्याग्रहींच्या बाजूने उभे होते. पुण्यातल्या ब्राह्मण वकिलाने ही बाजू घेणं आज वाटतं तितकं सोपं नव्हतं. मग केशवराव जेध्यांशी त्यांची जोडी जमली. जेधे-गाडगीळ ही जोडी महाराष्ट्र काँग्रेसच्या इतिहासातलं फार महत्त्वाचं वळण आहे. त्या जोडीमुळे बहुजन समाजातला मोठा वर्ग काँग्रेसकडे वळला. ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या घरी जाऊन बसायचं, हा या माणसाचा स्वभाव होता. पंजाबच्या संदर्भात आपल्याला पुन्हा या स्वभावाकडे यायचं आहे.

१९३४ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे आली. काश्मीरची लढाई सुरू झाल्यावर पठाणकोटहून जम्मूकडे लष्करी वाहतुकीचा रस्ता तातडीने करायचा होता, तो त्यांच्या खात्याचा विषय होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार सोमनाथला गेले तेव्हा काकासाहेब बरोबर होते. भाक्रा, हिराकूड, कोयना या नद्यांवरच्या योजनांच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्यांचा हात होता. १९५२ च्या निवडणुकीनंतर बनलेल्या मंत्रिमंडळात ते नव्हते. पटेल १९५० मध्ये गेले होते, आणि दिल्लीतलं वजन कुणाच्या पाठबळावर टिकतं हे आपल्याला माहीत आहे.

आता येऊ १९५५ कडे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने काय सुचवलं? विदर्भ वेगळा, आणि बाकी मुंबई राज्य द्विभाषिक. म्हणजे तेलुगू माणसाला आंध्र मिळालं, कन्नड माणसाला कर्नाटक मिळणार होतं, आणि मराठी माणसाला मात्र सांगितलं गेलं की तुम्ही जरा थांबा. लोकसभेत या अहवालावर चर्चा झाली तेव्हा काँग्रेसच्या बाकावरून काकासाहेब उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोलले. तडजोडीला आमची तयारी आहे, पण तडजोडीलाही एक हद्द असते आणि स्वाभिमान त्या हद्दीच्या पलीकडे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. स्वतःच्या पक्षाचं सरकार समोर असताना हे बोलायला छाती लागते.

पण पुढे काय झालं? जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. काकासाहेबांनी पक्ष सोडला नाही. आणि १९५७ मध्ये ते पुण्यातून लोकसभेला काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले, समोर संयुक्त महाराष्ट्र समितीचे नानासाहेब गोरे. निकाल तुम्हाला ठाऊक आहे. काकासाहेब हरले.

हा पराभव नीट बघा. ज्या मागणीसाठी त्यांनी संसदेत आवाज चढवला, त्याच मागणीच्या लाटेने त्यांना घरी बसवलं. मागणी त्यांना मान्य होती, पण ज्या पक्षाच्या चिन्हावर ते उभे होते, त्या पक्षाला ती मान्य नव्हती. मतदाराने चिन्ह बघितलं. आम्हाला यात मतदाराची चूक दिसत नाही. मनात एक आणि चिन्ह दुसरं, अशा उमेदवाराला लोक विचारणारच : उद्या मत द्यायची वेळ आली तर तुम्ही कुणाच्या बाजूने हात वर करणार? हा प्रश्न पुण्याच्या मतदाराने १९५७ मध्ये विचारला. पंजाबात त्याच प्रश्नाचं दुसरं रूप त्यांच्यापुढे आलं.

पराभवानंतर दीड वर्षाच्या आसपास त्यांची राज्यपालपदी नेमणूक झाली. इथे आपल्याला माणूस बाजूला ठेवून थोडा वेळ पदाकडे बघावं लागेल.

घटना समितीत राज्यपालाचा पहिला विचार काय होता? १९४७ मध्ये प्रांतिक राज्यघटनेच्या समितीने, जिचे अध्यक्ष सरदार पटेल होते, असं सुचवलं होतं की राज्यपाल लोकांनी थेट निवडून द्यावा. मे १९४९ मध्ये हा विचार बदलला. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री, दोघेही लोकांचा कौल घेऊन आले तर भांडण होईल, ही भीती होती. म्हणून राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. काही सदस्यांनी या बदलाला आक्षेप घेतला होता. दिल्लीने नेमलेला माणूस दिल्लीचाच राहील, हा त्या आक्षेपाचा गाभा. डॉ. आंबेडकरांचं उत्तर थोडक्यात असं, की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालवायची सत्ता जवळजवळ नाहीच, तेव्हा तो कसा आला याला एवढं महत्त्व देऊ नका. काकासाहेब स्वतः या घटना समितीचे सदस्य होते. म्हणजे चंदीगडच्या राजभवनात गेले तेव्हा त्या पदाचा आराखडा त्यांना पाठ होता.

मग हे पद कुणाला दिलं जाऊ लागलं? एक उदाहरण काकासाहेबांच्या अगदी पाठोपाठचं आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांच्यानंतर पंजाबच्या राजभवनात आले पट्टम थाणू पिल्लै. ते कोण? त्या क्षणापर्यंत केरळचे मुख्यमंत्री, प्रजासमाजवादी पक्षाचे. त्यांना राज्यपाल करून चंदीगडला पाठवलं आणि केरळात काँग्रेसचे आर. शंकर मुख्यमंत्री झाले. एका राज्यातली अडचण दुसऱ्या राज्यातल्या राजभवनात ठेवली. एका पराभूत ज्येष्ठाच्या जागी एक अडचणीचा ज्येष्ठ, आणि राजभवन तेच. सरोजिनी नायडूंनी स्वतःला सोन्याच्या पिंजऱ्यातला पक्षी म्हटल्याचं सांगतात. पण त्या पिंजऱ्याचा राजकीय उपयोग पक्ष्यापेक्षा पिंजरेवाल्याला जास्त असतो.

पुढे १९८८ मध्ये सरकारिया आयोगाचा अहवाल आला. त्यात राज्यपालासाठी काही कसोट्या सुचवल्या गेल्या : माणूस राज्याबाहेरचा असावा, कर्तृत्वाने मोठा असावा, आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फार गुंतलेला नसावा. काकासाहेबांना या कसोट्या लावा. राज्याबाहेरचे? होय. कर्तृत्ववान? निर्विवाद. नजीकच्या राजकारणापासून दूर? नाही. दीड वर्षापूर्वी ते निवडणूक लढवत होते. तीनपैकी दोन.

आता पंजाब. खरी गोष्ट इथे सुरू होते.

ज्या आयोगाने मराठी माणसाची मागणी नाकारली, त्याच आयोगाने पंजाबी सुब्याची मागणीही नाकारली होती. १९५६ मध्ये पेप्सू हे संस्थानांचं राज्य पंजाबात विलीन झालं आणि एक मोठं द्विभाषिक पंजाब राज्य तयार झालं. द्विभाषिक मुंबई आणि द्विभाषिक पंजाब, दोन्ही एकाच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला. ही दोन राज्यं जुळी भावंडं होती म्हणा ना. आणि दोन्हीकडच्या लोकांची समजूत काढण्यासाठी घटनेत जी तरतूद केली, तीसुद्धा एकाच कलमात आहे : कलम ३७१. त्याचं पहिलं पोटकलम आंध्र आणि पंजाबसाठी. दुसरं मुंबईसाठी, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्या विकास मंडळांसाठी. आपल्याकडे वैधानिक विकास मंडळांची चर्चा होते ना, ती याच दुसऱ्या पोटकलमातून आलेली.

पहिल्या पोटकलमात काय होतं? पंजाब विधानसभेच्या दोन प्रादेशिक समित्या. एक पंजाबी भाषक प्रदेशातल्या आमदारांची, एक हिंदी भाषक प्रदेशातल्या आमदारांची. ठरावीक विषयांवर या समित्यांनी सल्ला द्यायचा, सरकारने आणि विधिमंडळाने तो सर्वसाधारणपणे मानायचा. आणि मतभेद झाला तर? तर विषय राज्यपालांकडे जायचा आणि राज्यपालांचा निर्णय अंतिम. या समित्या नीट चालाव्यात यासाठी राज्यपालावर ‘विशेष जबाबदारी’ टाकता येईल, असं घटनेतच लिहिलं होतं.

हे आम्ही इतक्या बारकाईने का सांगतो आहोत? कारण राज्यपाल म्हणजे रबरी शिक्का, त्याच्या हातात काही नसतं, हा बचाव देशातल्या बहुतेक राज्यपालांना लागू पडतो. पंजाबच्या राज्यपालाला तो पूर्ण लागू पडत नाही. भाषेच्या प्रश्नावर त्याच्या हातात घटनेने काहीतरी ठेवलं होतं. आणि त्या जागी नेमणूक झाली ती अशा माणसाची, ज्याने तीनच वर्षांपूर्वी भाषक स्वाभिमानाची बाजू संसदेत मांडली होती. हा योगायोग विलक्षण आहे.

मग त्या चार वर्षांत काय घडलं? मुख्यमंत्री होते प्रतापसिंग कैरों. जबरदस्त माणूस. शेतजमिनींचं एकत्रीकरण, वीज, कालवे, शेती विद्यापीठ... पुढच्या हरित क्रांतीचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. आणि तितकाच लोखंडी हात. पंजाबी सुब्याच्या आंदोलनाने १९६० मध्ये पुन्हा उचल घेतली, तेव्हा कैरों सरकारने हजारो अकालींना तुरुंगात टाकलं. डिसेंबर १९६० मध्ये संत फतेहसिंग उपोषणाला बसले, ते जानेवारी १९६१ मध्ये सुटलं. मग १५ ऑगस्ट १९६१ ला अमृतसरला मास्टर तारासिंग बसले. ४८ दिवस. १ ऑक्टोबरला उपोषण सुटलं आणि केंद्राने शिखांच्या तक्रारींची चौकशी करायला आयोग नेमला. सुबा मिळाला नाही. प्रादेशिक समित्यांना दात नाहीत, कबूल केलेलं सूत्र प्रत्यक्षात उतरत नाही, ही अकालींची तक्रार शेवटपर्यंत कायम राहिली.

आणि याच चार वर्षांच्या मध्यावर, १ मे १९६० ला, काय झालं? महाराष्ट्र राज्य आलं. जुळ्यांपैकी एक भावंड मोकळं झालं, दुसरं अडकून राहिलं. शिवाजी पार्कवर आनंद साजरा होत होता त्या दिवशी काकासाहेब चंदीगडला होते, अशा राज्याचे प्रमुख म्हणून, ज्याचं सरकार हीच मागणी करणाऱ्यांना देशाचे तुकडे पाडणारे म्हणत होतं. १९५५-५६ मध्ये आपल्यालाही कुणीतरी हेच म्हटलं होतं. फुटीर, संकुचित, प्रांतवादी. शब्दसुद्धा तेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन्ही मागण्या हुबेहूब सारख्या नव्हत्या. पंजाबात भाषेच्या मागे धर्म उभा होता, लिपीचा वाद होता. पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदूंनी जनगणनेत मातृभाषा हिंदी अशी नोंदवली. सुब्याची मागणी ही शीख राज्याची मागणी आहे, अशी दिल्लीला भीती होती, आणि फाळणी होऊन जेमतेम दशक झालं होतं. ती भीती खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला मराठीचा अनुभव आहे, त्याला भाषेची मागणी आणि तिच्यावर मारलेला शिक्का यांतला फरक कळायला हवा. तो फरक दिल्लीला समजावून सांगू शकेल असा माणूस चंदीगडमध्ये बसला होता.

पण राज्यपाल जाहीरपणे बोलू शकत नाही. बरोबर. आणि इथे आपण पुन्हा त्या वक्तृत्वशास्त्राकडे येतो.

कलम १७६ प्रमाणे राज्यपाल विधिमंडळापुढे अभिभाषण करतो. ‘माझं सरकार’ असं त्यात वारंवार येतं. हे भाषण मंत्रिमंडळ लिहितं. पंजाबात तेव्हा विधानसभा आणि विधानपरिषद अशी दोन सभागृहं होती. दोन्ही सभागृहांपुढे दरवर्षी काकासाहेबांनी कैरोंच्या सरकारचं धोरण ‘माझं’ म्हणून वाचायचं. आपण अशी कल्पना करून बघू की संयुक्त महाराष्ट्राच्या काळात कुणा बंगाली भाषाप्रेमी माणसाला मुंबईचा राज्यपाल केलं आहे आणि तो मोरारजींच्या गृहखात्याचं कौतुक वाचून दाखवतो आहे. आपण त्याच्याविषयी काय बोललो असतो?

आणखी एक कलम आहे, १६६. राज्याचा प्रत्येक आदेश राज्यपालाच्या नावाने निघतो. १९६१ मध्ये पंजाब सरकारने एका सिव्हिल सर्जनची निवृत्तीपूर्व रजा रद्द केली, त्यांना निलंबित केलं आणि चौकशी लावली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६३ मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की ही कारवाई मुख्यमंत्र्यांच्या आकसातून झाली आहे, आणि ते आदेश रद्द केले. घटनात्मक इतिहासात हा निकाल गाजलेला आहे, सत्तेच्या दुष्ट हेतूने केलेल्या वापराबद्दल विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. आकस मुख्यमंत्र्यांचा. पण कागदावर नाव कुणाचं? राज्यपालांचं. पुढे १९६४ मध्ये दास आयोगाने कैरोंच्या कुटुंबीयांनी सत्तेचा गैरफायदा घेतल्याचा आणि कैरोंनी ते होऊ दिल्याचा ठपका ठेवला, आणि कैरोंना जावं लागलं. ज्या वर्षांबद्दल हा ठपका होता, त्यांतली काही वर्षं काकासाहेबांच्या राज्यपालपदाची होती.

आता कुणी म्हणेल, तुम्ही त्यांच्यावर अन्याय करता आहात. घटनेने बांधलेल्या माणसाला तू का उठला नाहीस, असं विचारता आहात. हा आक्षेप गंभीर आहे, आणि आम्ही त्याला बगल देणार नाही.

बघा, त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं? केरळात जुलै १९५९ मध्ये राज्यपालांच्या अहवालाच्या आधारे नंबुद्रीपाद सरकार बरखास्त झालं. बहुमत असलेलं सरकार. म्हणजे राज्यपाल ‘सक्रिय’ झाला तर काय होतं, याचा धडा देशासमोर ताजा होता. आणि आपल्याला इतकं मागे जायचीही गरज नाही. २०१९ नंतर महाराष्ट्राच्या राजभवनाने किती उत्साह दाखवला, ते आपण पाहिलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाच्या राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याचा घेतलेला निर्णय कायद्याला धरून नव्हता, असं सांगितलं. असे बोलके राज्यपाल बघितल्यावर काकासाहेबांचं मौन आपल्याला सोन्यासारखं वाटू लागतं. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या कामात त्यांनी राजभवनातून दुसरं सत्ताकेंद्र उभं केलं नाही. १९७४ मध्ये समशेरसिंग प्रकरणात, आणि तेही पंजाबातूनच आलेलं प्रकरण, सात न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं हे स्पष्ट केलं. ती रीत काकासाहेबांनी त्याआधीच पाळली. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तरीही आमचा आक्षेप उरतो. आणि तो नेमका काय आहे, ते सांगतो.

मौन दोन प्रकारचं असतं. एक, ज्या विषयात अधिकार नाही तिथलं मौन. ते मर्यादेचं पालन. दुसरं, ज्या विषयात अधिकार आणि जबाबदारी दोन्ही दिलेली आहेत तिथलं मौन. कैरों कुणाला मंत्री करतात, कुणाची बदली करतात, यात राज्यपालाने पडू नये. पण प्रादेशिक समित्यांच्या बाबतीत घटनेने त्याला पंच म्हणून उभं केलं होतं. ते सूत्र त्या चार वर्षांत जिवंत झालं असतं, तर सनदशीर मार्गाने काही मिळतं असा विश्वास अकालींतल्या मवाळांना वाटला असता. ते सूत्र जिवंत झालं नाही, हे इतिहासाने सांगितलं. त्याचा दोष कैरोंकडे जातो, दिल्लीकडे जातो, अकाली नेतृत्वाच्या हट्टाकडेही जातो. पण त्या यादीत राजभवनाचं नावही लिहावं लागतं. पंच मैदानात होता, आणि सामना मैदानाबाहेर, उपोषणाच्या मंडपात खेळला गेला.

आणि दुसरी गोष्ट. राज्यपाल राष्ट्रपतींना नियमित अहवाल पाठवतो, तो गोपनीय असतो. पट्टाभि सीतारामय्यांनी तर म्हटलं होतं की पाहुण्यांचं आदरातिथ्य आणि हा पाक्षिक अहवाल, यापलीकडे राज्यपालाला काम नाही. म्हणजे राज्यपालाचं खरं बोलणं लोकांपासून झाकलेलं आणि लोकांना ऐकू येणारं बोलणं दुसऱ्याने लिहिलेलं. अशा पदावर माणसाचं मूल्यमापन कसं करायचं? आमदाराचं मत नोंदलेलं असतं, मंत्र्याचा निर्णय नोंदलेला असतं. राज्यपालाच्या वाट्याला फक्त फोटो येतात. हा दोष काकासाहेबांचा नाही, पदाच्या रचनेचा आहे. पण ज्या माणसाची सगळी ताकद शब्दात होती, त्याने अशी शब्द काढून घेणारी जागा स्वीकारली, हा निर्णय मात्र त्यांचाच होता.

आता त्यांच्या बाजूची, आम्हाला मनापासून आवडलेली एक गोष्ट. त्यांच्या पुस्तकांच्या यादीत ‘पथिक’ हे आत्मचरित्र आहे, ‘ग्यानबाचे अर्थशास्त्र’ आहे, आणि ‘शिखांचा इतिहास’ नावाचं एक पुस्तक आहे. मराठीत, मराठी वाचकासाठी. राज्यपाल म्हणून परप्रांतात गेलेल्या किती जणांनी त्या लोकांचा इतिहास आपल्या भाषेत आणला? बहुतेकांनी आठवणी आणल्या, भेटवस्तू आणल्या, फार तर फुलझाडांची कलमं. काकासाहेबांनी इतिहास आणला. जेध्यांच्या घरी जाऊन बसणारा माणूस इथे परत दिसतो. ज्यांच्याविषयी जाहीर बोलता येत नव्हतं, त्यांना समजून घेता येत होतं, ते त्यांनी केलं. आपल्याकडे घुमानला, नामदेवांच्या कर्मभूमीत, २०१५ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा मराठी-पंजाबी नात्याची खूप भाषणं झाली. त्या नात्यातल्या या पुस्तकाची आठवण आपल्याला का राहत नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारू.

राजभवनातून बाहेर आल्यावर त्यांचा शब्द त्यांच्याकडे परत आला. १९६२ च्या सातारा साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. यातली गंमत बघा. पंजाब विद्यापीठाचे ते राज्यपाल म्हणून पदसिद्ध कुलपती होते, म्हणजे सगळ्यात वरचे. पुण्यात मात्र ते कुलगुरू झाले, एक पायरी खाली, पण काम करायची पायरी. शोभेच्या पदावरून कामाच्या पदावर खुशीने उतरणारा माणूस आपल्याकडे विरळाच. १२ जानेवारी १९६६ ला ते गेले. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, पंजाबी सुबा आला. हरियाणा वेगळा झाला. जी मागणी अशक्य आहे असं सगळे सांगत होते, ती दहा महिन्यांत शक्य झाली. काकासाहेबांना ते बघायला मिळालं नाही.

आता निकाल काय द्यायचा? आम्हाला वाटतं, राज्यपाल म्हणून त्यांची कारकीर्द सभ्य होती, पण अपुरी होती. राजभवनाचा अड्डा होऊ दिला नाही, हा सभ्यपणा. आणि घटनेने ज्या एका जागी बोलायची मुभा नव्हे, जबाबदारी दिली होती, त्या जागेचा त्या राज्याला उपयोग झाला नाही, हा अपुरेपणा. १९५७ मध्ये पुण्याने त्यांना विचारलेला प्रश्न, म्हणजे मन कुठे आणि चिन्ह कुठे, चंदीगडमध्येही सुटला नाही. फक्त तिथे मतदान नव्हतं, म्हणून पराभव दिसला नाही.

पुढच्या वेळी कुणाही माजी राज्यपालाचा गौरवलेख वाचाल, तेव्हा ‘पुढे ते अमुक राज्याचे राज्यपाल झाले’ या वाक्यापाशी जरा थांबा. त्या राज्यात तेव्हा काय पेटलं होतं, ते बघा. त्याच्या नावाने कोणते आदेश निघाले, ते बघा. आणि त्याच्याकडे बोलायची जागा होती का, हे विचारा. असली आणि तिथे काही ऐकू आलं नाही, तर त्या शांततेला लगेच प्रतिष्ठा म्हणू नका. आणि मराठी माणसाचा प्रश्न असेल तर स्वतःलाही विचारा : आपल्याला हवं होतं ते १ मे १९६० ला मिळाल्यावर, तीच मागणी करणाऱ्या दुसऱ्यांसाठी आपण किती बोललो? काकासाहेबांवर मौनाचा आरोप ठेवताना ते मौन एकट्या त्यांचं नव्हतं, हे आपण विसरू नये.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.